पाय कापलेला पलंग

पूर्णेला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, ते आप्पा सरळ चालत नसत, जमिनीची परवानगी घेत चालत. आधी काठी टेकायची, मग डावा पाय, मग थोडं थांबून उजवा. रोजचा उंबरा ओलांडतानाही ते असा काही पाय उचलत, की पलीकडे ओढा आहे असं बघणाऱ्याला वाटावं. पायांत काहीच दोष नव्हता. वय साठीच्या आतबाहेर, अंगानं काटक, दात शाबूत. फक्त पडण्याची भीती. स्वतःच्या पडण्याची होतीच, दुसऱ्याच्या पडण्याची त्याहून जास्त.

बैलगाडीत बसले की ते धोतराचा सोगा गाडीच्या खुंटाला बांधून घेत. आडाला भिंत होतीच, तरी तिच्यावर त्यांनी बाभळीच्या फांद्या रचून ठेवल्या होत्या. पाणी शेंदायचं म्हणजे आधी काटे बाजूला करायचे, शेंदून झालं की परत लावायचे. गल्लीतून कुणी सायकलवर चाललं की ओट्यावरून हाक जायची, "ओ, धोतर चेनीत जायलंय तुमचं!" माणूस पँटीत असला तरी. आणि सगळ्याच्या शेवटी एकच शब्द, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला. "एहतियात, माय, एहतियात." म्हणजे खबरदारी. लोक त्यांना पाठीमागे एहतियातआप्पा म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना त्यात थोडा मानही वाटत असावा.

असे का झालात, असं मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं, काही तरी घडलं असेल, कुणी तरी पडलं असेल. ते म्हणाले, "कारन कशाला पायजे? उंची हाय, येवढं कारन बास न्हाई का?"

आमच्या ह्यांना रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनाची नोकरी लागली होती आणि क्वार्टर मिळायला वेळ होता. आम्ही घर शोधत गावभर फिरलो. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. आप्पांच्या दारात आलो तेव्हा हे कंटाळून गेले होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत. खोली द्यायची नसेल तर आत्ताच सांगा." आप्पांनी माझ्या कडेवरच्या मुलीकडे बोट केलं. "ते झालं. हे लेकरू रांगतं का चालतं?"

"धरून धरून चालते," मी म्हणाले.

"मंग आडाकडचं दार बंद ठिवावं लागंल," असं म्हणून ते किल्ली आणायला आत गेले. हे माझ्याकडे बघत राहिले. एवढ्यात होकार मिळेल याची आम्हांला सवयच नव्हती.

पाळणा टांगायला माळवदाच्या लाकडाला कडी होती. तिला पाळणा बांधायच्या आधी आप्पांनी एक स्टूल मागवलं. उंचीला एवढं भिणारा हा माणूस डोळे घट्ट मिटून स्टुलावर चढला आणि त्यानं दोन्ही हातांनी कडी धरून अंग सोडून दिलं. जमिनीपासून वीतभर वर ते लोंबकळत होते, आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारत होते, "कुरकुरायलीय का? ऐका, कुरकुरायलीय का?" कडी कुरकुरली नाही. मुलीला हे इतकं आवडलं की ती रोज त्यांना बघून हात वर करायची, लोंबकळा म्हणून.

ती त्यांच्यासाठी 'सरकार' होती. "सरकार जेवले का? सरकारचा मिजाज कसा हाय आज?" बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, स्वतःची भाकरी ते स्वतः थापत. एकुलता मुलगा चुडाव्याकडे शेतीवर राहायचा, बाजाराच्या दिवशी यायचा. आप्पा आमच्या उंबऱ्याशी बसून चहा प्यायचे. चहा आमच्या कपातला. बाजाराच्या दिवशी मात्र ते ओट्यावरून हलत नसत. मुलगा असेपर्यंत सरकारकडे बघतही नसत. ती आप्पा, आप्पा म्हणून हाका मारायची आणि ते काठीच्या मुठीकडे बघत बसायचे. तो गेला की थोड्या वेळानं दाराशी खाकरण्याचा आवाज यायचा. आम्ही ते समजून घेतलं होतं. तेवढं समजून घ्यायची सवय आम्हांला होती.

तो उन्हाळा. दुपारची मी अंगणात सावलीला गहू निवडत बसले होते, मुलगी आत पाळण्यात झोपलेली. आप्पा ओट्यावर चिंचा फोडत होते. माझी पाठ दाराकडे, त्यांचं तोंड. अचानक चिंचा फोडायचा आवाज थांबला. मी मान वर केली तर आप्पा अंगण ओलांडून पळत होते. काठी नाही, वहाणा नाहीत. तापल्या फरशीवरून, चिंचोके तुडवत. आणि तोंडातून आवाज नाही. मी मागे वळले तेव्हा दिसलं, मुलगी पाळण्यात उभी आहे, एक पाय काठावरून बाहेर टाकलेला, आणि पाळणा झुलतो आहे. मी किंचाळणार तेवढ्यात त्यांनी पळता पळता मागे हात करून मला गप्प केलं. ते पाळण्याखाली गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी धोतराचा ओचा दोन्ही हातांनी पसरला. मुलीनं त्यांना बघितलं, खुदकन हसली, आणि दुसरा पायही काढला. पोतं पडावं तशी ती त्यांच्या ओच्यात आली.

रडली नाही.  आप्पा म्हणाले, "वरडायचं नसतं, माय. वरडलं की लेकरू दचकतं. दचकलं की उलटं पडतं."  मी पाणी दिलं ते निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग तिच्या छातीपाशी हात धरून त्यांनी पाळण्याची कड कुठपर्यंत येते ते दाखवलं. "कड छातीच्या खाली आली की पाळना संपला. आजपासून बंद."

संध्याकाळी हे घरी आले. आमच्याकडे एक लोखंडी कॉट होती. हे म्हणाले, तिच्यावर झोपवू, दोन्हीकडून उशा लावू. आप्पांनी कॉटला हात लावून मान हलवली. उंच. उशी काय, लेकरू उशीवर पाय देऊन आणखी उंच चढतं. मग मी बाजेचं म्हटलं. "बाज न्हाई. बाजेला झोळ पडतो. लेकरू मधी घरंगळतं अन् नाकावर गोधडी येती. मोठ्या मानसाची बाज, मोठ्या मानसाला." ते आत गेले, आणि मग करवतीचा आवाज यायला लागला.

त्यांच्या लग्नातला सागवानी पलंग होता. बायको गेल्यापासून ते त्यावर झोपत नव्हते, खाली सतरंजीवर झोपत. त्या पलंगाचे चारही पाय ते कापत होते. हे धावत गेले, "आप्पा, काय करायलाव? इतकं चांगलं लाकूड!" आप्पा म्हणाले, "लाकूड चांगलं हाय म्हनूनच कापायलो. वाईट असतं तर हललं असतं."

पलंग आता जेमतेम वीतभर उंच राहिला. पण लगेच त्यावर झोपवायचं नव्हतं. आधी काही दिवस नुसती गादी, जमिनीवर. ती लोळत लोळत कुठपर्यंत जाते ते आप्पा रोज सकाळी येऊन विचारायचे, जसं काही पाऊसपाण्याचं विचारतात. मग पलंग आमच्या खोलीत आणून भिंतीला लावला. भिंत आणि पलंग यांच्यामध्ये फट राहिली होती. तिथे त्यांनी जुनी गोधडी ठासून भरली, हातानं दाबून बघितली. "लेकराचं अंग जातं तितून, अन् डोकं अडकतं." बाहेरच्या बाजूला आडवी फळी ठोकली, पण डोक्याकडे निम्मीच. मी विचारलं, पूर्ण का नाही? "पुरी लावली तर ती चढून उतरंल. निम्मी लावली तर सरळ उतरंल. लेकराला बाहेर पडायची वाट ठिवावी लागती. वाट न्हाई दिसली की ते उडी मारतं." खाली चटई घातली. स्टोव्ह, ट्रंक, कंदील, सगळं त्या भिंतीपासून दूर गेलं. खोलीत आम्हांला हलायला जागा राहिली नाही.

आणि मग उतरायचं शिकवणं. "ढुंगन आधी, तोंड मागून," हा त्यांचा मंत्र. साठीचा माणूस वीतभर उंच पलंगावर पालथा पडायचा, पाय मागे सोडायचा, अंगठ्यानं जमीन चाचपायचा, आणि मग उतरायचा. सरकार शेजारी तसंच करायची. एकदा हे कामावरून आले आणि दारातच उभे राहिले. दोघांची पाठ दाराकडे, दोघंही मागे मागे सरकताहेत, आणि दोघंही तिच्याच बोबड्या बोलात म्हणताहेत, "धुंगन आधी." हे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पूर्णेत आल्यापासून त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

तिला झोप लागेना, तो भाग वेगळाच. झोक्याशिवाय ती डोळे मिटायची नाही. पाळण्याकडे बोट करून रडायची. मी म्हटलं, पाळणा काढून ठेवते, दिसलाच नाही तर विसरेल. आप्पांनी लगेच हात आडवा केला. "एकदम नजरेआड करू नका. तिला वाटंल, आपलं घर मोडलं." त्यांनी चिंध्यांची एक बाहुली करवून घेतली माझ्याकडून. ती पाळण्यात निजवायची, मुलीनं तिला झोका द्यायचा, बाहुली झोपली की मग हिनं आपल्या पलंगावर जायचं. दोनचार दुपारी बाहुलीला झोका देता देता ती तिथंच जमिनीवर पेंगली. मग एके दिवशी मी भांडी घासून आत आले, तर झोका मंद होत चालला होता आणि मुलगी स्वतःहून पलंगावर जाऊन, गोधडीत तोंड खुपसून झोपली होती. दाराबाहेर आप्पा उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते काठी न टेकवता, हातात उचलून, चवड्यांवर निघून गेले.

त्या पलंगावर ती आखाडापर्यंत झोपली.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याचं रेडिओवर आलं, तेव्हा ह्यांनी पेढे आणले. आप्पांनाही दिला. त्यांनी तो खाल्ला, बोटं चाटली, आणि म्हणाले, "नाव बदलायलेत ना? बदलू द्या. नाव काय उंचावरून पडायलंय का?" आम्ही हसलो. मग खेड्यापाड्यांतून बातम्या यायला लागल्या. कुठे वस्ती जाळली, कुठे आड नासवला. एका सकाळी माझे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलं दारात येऊन उभी राहिली. अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांच्या घराचं काय झालं ते जाऊबाईंना सांगता येत नव्हतं, त्या नुसत्या हाताला लागलेली काजळी पुसत होत्या.

आप्पांनी पडवी झाडून दिली, घोंगड्या आणून टाकल्या, आणि मुलांना आडाकडे कुठपर्यंत जायचं ते काठीनं रेघ मारून दाखवलं. गल्लीतले लोक ओट्यापाशी थांबून जायला लागले. आप्पा त्यांना सायकलीचं, धोतराचं काही बोलत नव्हते, एवढाच फरक.

मग त्यांचा मुलगा आला. बाजाराचा दिवस नव्हता. बरोबर आणखी दोघंजण होते. तो चढ्या आवाजात बोलत नव्हता, ते मला आजही आठवतं. "आप्पा, मी काय म्हनतो, आपल्याला उद्या या लोकांत राहायचंय का न्हाई? एक खोली होती, आता सगळी वस्ती आनून बसवली तुमी. खोली खाली करून घ्या." मी दाराआड उभी होते. हे कामावर गेले होते. मला वाटत होतं, आप्पा एक वाक्य बोलतील. फार मोठं नको, नुसतं "राहू दे" एवढं. घर त्यांचं होतं. ते आपला गुडघा चोळत बसले. मुलगा उठला तेव्हा ते म्हणाले, "बगतो."

तो गेल्यावर ते आमच्या दाराशी आले. खाकरले नाहीत. मला म्हणाले, "माय, चार दिवस परभनीला भावाकडं जा. हवा बरी न्हाई. लेकरू हाय लहान. मी सांगावा धाडतो, लगेच या." आणि मग, "एहतियात."

तो शब्द मी इतक्यांदा ऐकला होता. प्रत्येक वेळी त्यात आमची काळजी होती. त्या दिवशीही होती, मी खोटं का बोलू? पण त्यात आणखी काही तरी होतं, आणि ते त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

दीर-जाऊबाई, मुलं, आम्ही सगळेच दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं निघालो. आप्पा अंगणाच्या फाटकापर्यंत आले, पुढे आले नाहीत. फाटकातून सूचना देत राहिले. डब्याच्या दाराशी बसू नका. खिडकीची काच वर करताना बोट सांभाळा. गाडी थांबल्याबिगर उठू नका. आम्ही वळलो तरी आवाज येत होता. मुलगी माझ्या खांद्यावरून मागे बघून हात वर करत होती.

सांगावा आला नाही. हे परभणीहून गाडीनं जाऊन-येऊन नोकरी करत राहिले. बरेच दिवस वाट बघून शेवटी सामान आणायला आप्पांकडे गेले. खोलीत खताची पोती लागली होती. आमचं सामान पडवीत रचून ठेवलेलं, पावसाचा थेंब लागू नये म्हणून त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. पलंग गोठ्यात उभा करून ठेवलेला होता आणि त्यावर कोंबड्या बसल्या होत्या. आप्पा ओट्यावर होते, मुलगा आत. हे म्हणाले, "आप्पा, येतो." आप्पा म्हणाले, "सामान बांदताना दोरीला दोन गाठी मारा." बस, एवढंच. घरी येऊन ह्यांनी मला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यानंतर कधीही त्या माणसाचा विषय काढला नाही. मी काढला तर उठून जात. पुढे बदली झाली, परभणीला क्वार्टर मिळालं, धाकटा मुलगा झाला. त्याला पाळण्यातून उतरवताना मी सगळं आप्पांच्या पद्धतीनंच केलं. ह्यांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी स्वतः भिंतीकडची फट गोधडीनं भरली, पण बोलले नाहीत.

आप्पांना मी पुन्हा एकदाच बघितलं. हिंगोलीच्या एका लग्नाहून मी आणि मुलगी परत येत होतो, पूर्णेला गाडी बदलायची होती. ठरावानंतर सोळाएक वर्षांनी नामांतर झालं, त्याला फार दिवस झाले नव्हते, स्टेशनातही लोक तेच बोलत होते. बाकावर एक म्हातारा बसला होता, अगदी मधोमध, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. मी ओळखलं. जवळ जाऊन म्हटलं, "आप्पा." त्यांनी डोळे बारीक केले, मला बघितलं, मग माझ्या शेजारच्या उंच मुलीला बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सरकार?" ते म्हणाले.

मुलीला काही कळलं नाही. तिनं नमस्कार केला.

ते उठले आणि चहाच्या गाड्याकडे गेले. तीन कप ट्रेमध्ये घेऊन ते परत आले तेव्हा एक थेंबही सांडला नव्हता. आम्ही तिघं बाकावर बसून चहा प्यालो. येणारे-जाणारे काहीजण त्यांना रामराम करत होते आणि आमच्याकडे बघत होते.

"झालं म्हने नामांतर," ते म्हणाले.

"झालं."

"तवा मला चारच दिवसांचं वाटलं होतं, माय. आईशप्पत. चार दिवसांनी हवा फिरंल, मंग सांगावा धाडू." त्यांनी कप खाली ठेवला. "हवा फिरली. पन मंग पोरगा म्हनला, आता कशाला? मी म्हनलो, बगतो. मी लोकांना भ्यालो न्हवतो. पोराला भ्यालो. म्हातारपनी भाकरी कोन देईल, याला भ्यालो."

 मला राग यायला हवा होता, तो त्यांच्याकडे बघून येईना. आणि गेलं ते गेलं असं म्हणावं, तर ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. मी विचारलं, तब्येत कशी आहे.

"घरी चला म्हनलो असतो," ते म्हणाले. "इतंच हाय घर. तुमच्या गाडीला टाईम हाय."

"म्हणा की," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. क्षणभर मला वाटलं, म्हणतील. मग ते फलाटाकडे, रामराम करून गेलेल्या माणसांकडे बघत राहिले. "पोरगा हाय घरी," ते म्हणाले. "आजबी न्हाई जमत मला, माय."

गाडी आली. आम्ही चढलो. ते खिडकीपाशी आले, काचेकडे बघितलं, पण सूचना काही दिली नाही. 

गाडी सुटल्यावर मुलीनं विचारलं, "कोण होते गं ते?"

"आपले घरमालक. तू लहान होतीस तेव्हाचे."

"चांगले होते?"

बोट सांभाळून मी खिडकीची काच वर केली.

"फार चांगले होते," मी म्हटलं. "आजूबाजूला कुणी नसलं, म्हणजे."